निळा धूर आणि दातांचा चिमटा

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे घेतली आणि मागून एक स्कूटरवाला ओरडला, "काका, डासांची मशीन घेऊन काहून फिरून राहिले?" आरशात पाहिलं तर अर्धा चौक निळ्या धुरात गायब झालेला.

ही गाडी मी हौसेनं घेतलेली, जवळपास माझ्याच वयाची. रविवारी पुसायची, एखादी चक्कर मारायची, एवढाच तिचा उपयोग. पण ऑइल इतकं प्यायची की डिकीत ऑइलचा डबा कायमचा मुक्कामाला आला होता. माझी बायको दातांची डॉक्टर. ती म्हणायची, "ही केस हातची गेली. काढून टाका."

शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घरी आणलं. हात थरथरायला लागले तेव्हापासून त्यांनी गॅरेज बंद केलं होतं. खुर्चीवर बसून त्यांनी एवढंच विचारलं, "धूर कधी निघते? चढावर, का थांबून सुटताना?"

"सुटताना."

"मंग पिस्टनच्या रिंगा ठीक असतीन. इंजिन नका उतरवू."

खात्रीसाठी गेज लावला. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं भरलं, म्हणजे रिंगा शाबूत होत्या. "व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले," ते म्हणाले. "ऑइल वरून आत उतरून राहिलं. पण साहेब, हात तुमचे लागतीन."

त्यांनी सुती दोरी मागितली, ती मी इतवारीच्या बाजारातून आणली. प्लग काढून दोरी सिलिंडरमध्ये कोंबली आणि इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. पिस्टन वर आला, दोरी दाबली गेली आणि व्हॉल्व्हला खालून टेकू मिळाला. नाहीतर स्प्रिंग काढताच तो आत पडला असता. स्प्रिंग काढून जुना सील नखानं दाबला तर पापडासारखा मोडला.

नवा सील सहज बसला. अडलं ते पुढे. स्प्रिंगला जागेवर धरणारी दोन लॉकं असतात, डाळीच्या दाण्याएवढी. माझ्या बोटांतून ती तीनदा निसटली. चौथ्यांदा एक लॉक टणकन उडून गाडीखाली गेलं, ते शोधायला मी पोटावर झोपलो.

बायको दारात उभी राहून हे पाहत होती. "सरका तिकडं," ती म्हणाली. क्लिनिकचा चिमटा आणि कपाळाला बांधायचा लाइट घेऊन आली, वाकली आणि पहिल्याच खेपेला दोन्ही लॉकं बसवली. "अक्कलदाढेपेक्षा सोपं आहे हे."

मग मी नुसती स्प्रिंग दाबून धरायचो, लॉकं ती बसवायची. दुपारपर्यंत आठपैकी सात व्हॉल्व्ह झाले.

"बाई, तुमचा हात लय साफ आहे," मिस्त्री म्हणाले. मग हळूच म्हणाले, "माझाही असाच होता."

आठव्याचं शेवटचं लॉक उरलं, तेव्हा तिनं चिमटा त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या मनगटाखाली आपला तळवा धरला. बराच वेळ लागला. लॉक बसलं, तसे मिस्त्री लहान मुलासारखे हसले.

गाडी सुरू केली आणि पुन्हा धूर! माझं तोंड उतरलं. "सायलेन्सरमधलं जुनं ऑइल आहे, जळू द्या," मिस्त्री म्हणाले. दहा मिनिटांत धूर थांबला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं भिवापूरपर्यंत चक्कर मारायला निघालो. मिस्त्री मागच्या सीटवर वळून बसले, नजर काचेतून मागच्या रस्त्यावर, कुठे धूर दिसतो का म्हणून.

"बाबा, समोर पाहा न. मान आखडन," बायको म्हणाली.

"समोरचं तुम्ही पाहा," ते म्हणाले. "मले मागचं पाहू द्या."