केबिनातली जागा

"उतर खाली. गाडी मागे घ्यायचीय," अण्णा ड्रायव्हर केबिनमधून ओरडला. लालबागच्या गिरणीच्या फाटकाशी, पाळी सुटायच्या वेळी, एवढ्या माणसांसमोर.

मी उतरलो. आमचा ट्रेलर लांबलचक, वर गिरणीचा बॉयलर. ट्रेलरच्या मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग, तिथे एक उघडी लोखंडी सीट. पुढे जाताना तिच्यावर मी. रिव्हर्स आला की मला उतरवून अण्णा आपल्या मेव्हण्याला बसवायचा.

"पुढे जाताना कुणीही वळवेल," लोकांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "रिव्हर्सला डोकं लागतं. ते तुमच्या लोकांत कुठलं?"

कुणीतरी हसलं. माझे कान तापले. याच अण्णाच्या खांद्याला खांदा लावून मी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात घसा फोडायचो. तिथे त्याला माझा विटाळ होत नसे.

हात चांगला म्हणून मला मागची सीट मिळाली, अशी माझी समजूत. पण माझा चहा मागेच का येतो? धो धो पावसातही मला आत का घेत नाहीत? ही शंका पाठ सोडेना. मग एकदा अण्णा ऑफिसच्या कारकुनाशी बोलताना मी ऐकलं.

"मागे बसतो म्हणून ठेवलाय. केबिनात घ्यावा लागला असता तर ठेवलाच नसता."

तेव्हापासून मी खाली उभा राहून मेव्हण्याचे हात बघू लागलो. मागे येताना मागची चाकं आधी जातात. थोडं वळवायचं आणि बॉयलर वळू लागला की लगेच सरळ करायचं. मेव्हणा सरळ करायला उशीर करायचा. मी घरी, वरळीच्या चाळीत, रिकामी थाळी धरून हात बसवायचो. बायको म्हणायची, "अहो, वाढू की आधी गाडी लावून येताय?"

पुढे एकदा परळच्या गिरणीत दुसरा बॉयलर नेताना मेव्हण्याने ट्रेलर फाटकाच्या खांबाला अडकवला. मॅनेजर भडकला. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाला, "चढ."

चढलो. "मी सांगेन तेवढीच घ्या," मी म्हणालो. आधी थोडी पुढे घ्यायला लावली, मग मागे. वीतभर जागा राखून बॉयलर आत गेला.

बॉयलर उतरल्यावर अण्णा गोड बोलू लागला. "शाबास रे. आता रिव्हर्सपण तूच घे. सीट तुझीच." मला लगेच डावाचा वास आला. काम वाढलं, जागा तीच.

"घेईन. पण पाळीपाळीने बसू. परत जाताना मी केबिनात, मेव्हणा मागे."

अण्णाने केबिनचं दार आतून ओढून घेतलं. "मागे बस, नाहीतर घरी जा."

फाटकाबाहेरच्या अरुंद गल्लीतून गाडी रिव्हर्समध्येच काढावी लागणार होती आणि ते मेव्हण्याला जमणार नव्हतं. अण्णाला ते ठाऊक होतं. मलाही. मी मागे गेलो नाही, घरीही गेलो नाही. दाराशी उभा राहिलो. भीती वाटत होती, घरी खाणारी चार तोंडं होती. तरी ठरवलं, हमाली करीन, पण हे दार उघडल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावणार नाही.