हुशार सिग्नल आणि बाळ्याची आई

टक्कल पडलं, दाढी पिकली, तरी घरात त्याचं नाव बाळ्याच राहिलं. ऑफिसात मात्र तो बडी असामी. शहर स्मार्ट करायला काढलेल्या कंपनीत डिझाइनचा प्रमुख! त्याने बोलणारी कचरापेटी केली होती. ती येणाऱ्याजाणाऱ्याचे आभार मानायची आणि झाकण उघडायला विसरायची. हवा मोजणारा खांब केला, तर खांब खरं बोलायला लागला, म्हणून त्यावर ताडपत्री घालावी लागली. पण बाळ्याचा खरा जीव त्याच्या सिग्नलवर. गाड्या बघून, जिकडे गर्दी तिकडे हिरवा दिवा देणारा हुशार सिग्नल! तो दाखवून बाहेरच्या कंपन्यांची गुंतवणूक ओढायची, असा कंपनीच्या संचालकबाईंचा बेत होता.

पहिला सिग्नल लागला तो बाळ्याच्याच घरासमोर. रस्त्याच्या अलीकडे आई राहायची, पलीकडे मावशी. दोघींचे नवरे गेल्यापासून रोज दुपारी मावशीकडे पत्ते कुटायचे, हा त्यांचा शिरस्ता. सिग्नल आला आणि शिरस्ता मोडला. गाड्यांचा हिरवा दिवा संपेचना. पायी चालणारा माणूस त्या हुशार डोक्याच्या गणतीतच नव्हता.

"बाळ्या, ताटकळून पाय सुजले माझे. तुझा सिग्नल ढुंकूनसुद्धा बघत नाही."

"आई, तो शिकतोय अजून."

"कधी शिकणार? मी गेल्यावर?"

"पादचारी दुसऱ्या टप्प्यात घेतलेत."

"आणि पहिल्या टप्प्यात आम्ही काय उडत जायचं?"

बाळ्या चडफडला. पण चूक कुणाची, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. खांबावर आधी पादचाऱ्यांसाठी बटण होतं. बटणामुळे खांब गावठी दिसतो, असं संचालकबाई म्हणाल्या आणि याने मान डोलवून स्वतःच्या हाताने ते काढलं होतं.

आई हात टेकणाऱ्यातली नव्हती. एकदा गल्लीतून भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि सिग्नलने त्याला गाडी समजून मोठ्या रस्त्यावरची वाहतूक चटकन थांबवली. आईने ते हेरलं. भंगारवाल्याशी गोड बोलून तिने त्याची जुनी गाडी पदरात पाडून घेतली, पाय मोडलेल्या शेजारच्या काकांना तिच्यावर बसवलं आणि दुपारी ढकलत निघाली. गाड्या जागच्या जागी थांबल्या. मागोमाग पेन्शनर, शाळेतली पोरं, बाजाराच्या पिशव्या, अशी वरातच पलीकडे गेली. मग रोजचंच झालं ते.

त्यातल्याच एका दुपारी गुंतवणूकदार पाहुणे नियंत्रण कक्षात बसले होते. भिंतभर पडद्यावर बाळ्या आपला लाडका चौक दाखवत होता. तेवढ्यात पडद्यात आई शिरली. गाडीवर काका ऐटीत, मागे वरात. सिग्नलने आईभोवती लाल चौकट काढली आणि वर लिहिलं, 'अवजड वाहन'.

"हे काय आहे?" पाहुण्यांच्या म्होरक्याने विचारलं.

बाळ्या पडदा बदलायचं बटण चाचपू लागला. संचालकबाई पुढे झाल्या.

"आमची लोकसहभाग योजना! नागरिकच नागरिकांना पलीकडे नेतात."

"वा! आणि त्या बाई कोण?"

संचालकबाईंनी बाळ्याकडे पाहिलं. बाळ्याने पडद्यावरच्या आईकडे पाहिलं. ती गाडी ढकलता ढकलता काकांना काहीतरी सांगून खदखदून हसत होती.

"प्रशिक्षित स्वयंसेविका," बाळ्या म्हणाला.

गुंतवणूक आली. चौकाचौकात चकचकीत हातगाड्या उभ्या राहिल्या. ॲप उघडल्याशिवाय त्यांचं चाक हलत नव्हतं. आईची गाडी 'अनधिकृत' म्हणून उचलून नेली. आईचा फोन साधा, बटणांचा. तिने दोन दिवस चौकात उभं राहून पाहिलं, मग कपाट रिकामं केलं आणि कायमची मावशीकडे राहायला गेली. सामान बाळ्यानेच गाडीतून पोचवलं. वाटेत तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुला ओळख दिली नाही, आई."

"कुठल्या दिवशी?" आई म्हणाली, आणि त्याने सांगितल्यावर समोर बोट करत म्हणाली, "हिरवा लागला. चल."

बाळ्याला बढती मिळाली. आता तो परगावी जाऊन 'नागरिक केंद्रस्थानी' या विषयावर भाषणं देतो. सवड झाली की रस्त्यापलीकडे जायला लांबचा वळसा घालून, गाडी लावायला जागा शोधत मावशीच्या दारी पोचतो.

"आला गं तुझा साहेब," मावशी आत हाक देते.

"येऊ दे," आई आतूनच म्हणते. "पाणी दे त्याला. आणि म्हणावं, इथे काही सुधारायला जाऊ नकोस."