चिनी गल्लीतलं टोक

गाडीवरच्या चायनीजचा आंबट वास आला का मले कलकत्त्याची चिनी गल्ली आठवते. मी कोष्टी, कोशाच्या साड्या इकाले गेलो होतो. संग बायको, गाडीत उलट्या होऊन तिनं दोन दिवस अन्न शिवलं नव्हतं.

तिथल्या खानावळीत म्हाताऱ्या चिनी बाईनं वाफाळत्या शेवया वाढल्या. मी सुताच्या लडीसारखं आधी टोक शोधलं, अन् ओढता ओढता उभाच झालो.

"अवो, लोकं पाहून राहिले. तोडा ना," बायको म्हणे.

कोष्ट्याच्या हातून धागा तोडवते का?

"मत तोड़ो," म्हातारी म्हणे, "लंबा है तो उमर बढ़ती."

बायको खुदकन हासली अन् तिनं माह्याच वाटीतलं दुसरं टोक धरलं. अख्खी वाटी तिनंच संपवली.

लोकं पुसते, चिनी जेवण कसं होतं? मी म्हणतो, तिले पुसा. मी तं फुटाणे खाल्ले.