सुरभीच्या जागी कोण

कुणाला वाटत असेल की एच. आर. म्हणजे एसीत बसायचं आणि लोकांच्या वाढदिवसाला केक कापायचे, तर त्यानं एकदा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत येऊन सुरभीच्या खुर्चीत बसावं. दोन तासांत डोकं धरून बाहेर येईल.

कारखाना शर्ट शिवायचा. शर्ट परदेशात जातात आणि तिकडचे नियम इकडे येतात. त्यातला पहिलाच नियम असा, की जिचं नाव कार्डावर, तीच बाई मशीनवर. सरळ आहे की नाही? पण आमच्याकडे शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला, जाणं झालं नाही, तर घरातलं दुसरं माणूस पाठवतात. खाडा करायचा नाही, माणूस द्यायचं. पिढ्या गेल्या यात. त्यामुळे मशीनवरच्या नसरीनला ताप आला रे आला, की तिची सासू हजराबी चष्मा पुसत फाटकावर हजर.

"नसरीन कुठंय?"

"निजली आहे घरी. मी आली ना!"

"मावशी, असं चालत नाही हो!"

"काहून? शिलाई येत नाही का मले?"

तीन वर्षं सुरभीनं समजावलं, ओरडून पाहिलं, हात जोडले. शेवटी फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं, तर हजराबी त्याच्याशीच भांडली, "मेल्या, तोंड कायले पाहतं? हात पाह्य!" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

अशात शर्ट घेणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी कारखान्याची दोन दिवसांची तपासणी ठरवली. आणि नेमकं त्यातल्या पहिल्याच दिवशी सुरभीच्या आईचं, वच्छलाबाईंचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन. घरात मायलेकी दोघीच. डॉक्टर तारीख बदलायला तयार नाहीत आणि दुखणं थांबायला तयार नाही. सुरभीनं पुण्याच्या हेड ऑफिसात रजतसरांना फोन लावला.

"घ्या ना रजा," सर गोडीत म्हणाले. "फक्त तुमच्या जागी कोण बसेल तेवढं कळवा."

"सर, एवढ्या कारखान्याला एच. आर. मी एकटी!"

"तेच तर. मॅनेज करा."

डोंबलाचं मॅनेज! जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बायकांसमोर सुरभीनं डब्याचं झाकण आपटलं. "बदली माणूस पाठवू नका म्हणून सांगता सांगता माझा घसा बसला. आता मला आईजवळ जायचं, तर म्हणे आधी बदली माणूस द्या!" बायका खाली माना घालून जेवत राहिल्या. याचाही तिला रागच आला.

तपासणीच्या सकाळी आई एकटीच ऑटोत बसून दवाखान्यात गेली. "माही फिकर नोको करू," म्हणाली. बोलायला काय जातं! पाहुण्यांनी संडास पाहिले, पाणी चाखलं, दारं उघडून पाहिली. नसरीन आपल्या मशीनवर, स्वतःच्या तोंडानिशी हजर. सुरभी हसून हसून उत्तरं देत होती आणि सारखं घड्याळ पाहत होती. दुपारी जरा उसंत मिळाली तसा तिनं आईचा फोन लावला.

"हॅलो, कोन?"

आवाज आईचा नव्हता.

"हजराबी? तुम्ही तिथं कशा?"

"नसरीननं सांगतलं, मंग तुह्या जागी आली. ऑपरेशन झालं, माय शुद्धीवर आहे तुही. रातच्याले दुसरी येते, उद्या तिसरी. आमी बायाबायांनी ठरवलं. तू काम कर बेटा."

सुरभी जिन्यात बसून ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि पुन्हा पाहुण्यांच्या मागे पळाली. करते काय!

संध्याकाळी ती दवाखान्यात धावत पोचली. हजराबी स्टुलावर बसून ओल्या कापसानं वच्छलाबाईंचे ओठ पुसत होती.

"आली का? आता घरी जाय, नीज. उद्या पाहुने आहेत ना तुहे. आमी आहो इथं."

दिवसभराचा, नाही, तीन वर्षांचा संताप सुरभीच्या तोंडून बाहेर पडला. "नाही म्हणजे नाही! माझी आई आहे ती! इथं माझ्या जागी कुणीही चालणार नाही!"

अख्खा वॉर्ड वळून पाहायला लागला. हजराबी मात्र शांतपणे उठली आणि कापूस तिच्या हातात दिला.

"मंग बस ना वो. कोनं अडवलं तुले?"

सुरभीनं कापूस खाली ठेवला आणि फोन काढला. मग तिनं रजतसरांना लिहिलं, "उद्या मी येत नाही. माझ्या जागी कुणी नाही." फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि स्टूल आईच्या उशाशी ओढलं.