पंगत उठली तेव्हा

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यात युरिक ॲसिड निघालं, तेव्हा अख्ख्या अहमदपूरला डॉक्टरकीचा परवाना मिळाला. अंगठ्याला चादर टेकलेली सोसत नव्हती, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन एकच सांगून जायचा, "सर, डाळ तोडा." ज्या मुलखात वरणाशिवाय ताट पुरं होत नाही, तिथं हा उपाय! बायकोनं डाळ बंद केली. मग कुणी म्हणालं दूधही नको, अंडीही नकोत. तीही गेली. भाकरी आणि दोडक्यावर मी वर्ष काढलं, तेही खुर्चीत बसून. गोळ्यांनी अंगठा शांत झाला. मांड्या सैल पडल्या होत्या, पण ते मी वयाच्या खात्यावर टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात मुखेडजवळच्या खेड्यात पुतणीचं लग्न झालं. आमच्याकडे अजून जमिनीवर पंगत बसते. दुखत नाही या आनंदात मी ऐटीत मांडी घातली. वरण आलं तेव्हा पत्रावळीवर हात आडवा धरला. सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीत कुणी हलत नाही, मग सगळे एकदम उठतात. तसे उठले. मी उठायला गेलो आणि पायांनी ऐकलंच नाही. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. उष्ट्या पत्रावळींच्या रांगेत मी एकटा बसलेला, आणि मांडवातली माणसं माझ्याकडे बघताहेत. शेवटी दोन भाच्यांनी बगलेत हात घालून मला उचललं.

"मामा, लई हलके झालाव की तुमी," धाकटा हसत म्हणाला. त्याचा राग मला अजून आहे.

लातूरच्या डॉक्टरनं रिपोर्ट पाहिला. युरिक ॲसिड नॉर्मल होतं. मग त्यानं माझी मांडी दाबून पाहिली आणि विचारलं, "डाळ, दूध कुणी बंद केलं? त्याची गरज नव्हती. पोटात काही नाही, त्यात नुसते बसून राहिलात. स्नायू झिजलेत."

"समदेच म्हणत होते ओ," बायको म्हणाली. "भरून येईल न्हवं?"

"या वयात थोडंफार."

ते थोडंफार घेऊन आम्ही एसटीत बसलो.

आता रोज वरण शिजतं. खुर्चीला धरून मी उठबस करतो, मांडी भरत नाही. मी खाली बसलो तर मला उठवणं तिच्या एकटीच्यानं होत नाही, म्हणून माझं ताट स्टुलावर असतं. दोन दिवस तीही खुर्चीत बसली. "पाय लोंबते ठिवून घास उतरत न्हाई," म्हणाली आणि पुन्हा खाली गेली.

लग्नापासून आम्ही समोरासमोर जेवत आलो. मला आणखी वरण हवंय हे तिला माझ्या तोंडावर दिसायचं, मी मागायच्या आत पळी यायची. आता ती मान खाली घालून जेवते आणि मला वरून तिचा विरळ झालेला भांग दिसतो.

काल वाटी रिकामी झाली तेव्हा मी मुद्दाम बोललो नाही. वाट पाहिली. तिचं जेवण झालं, जमिनीला हात टेकून ती उठली आणि ताट घेऊन मोरीकडे गेली. मी वाटी धरून बसून राहिलो.