दाजींच्या गाडीचा बोल्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. गॅरेजात दिवसभर माझं तोंड चालू असतं, गिऱ्हाइकाला हसवत ठेवतो मी — पण ही गोष्ट आली की जीभ टाळ्याला चिकटते. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका, झालं.

बोल्टच्या आट्यांवर लावायचं एक निळं औषध असतं. जगातलं सगळं हवा लागली की सुकतं — हे हवा तुटली की सुकतं! बाटलीत वर्षानुवर्षं पातळ राहील, आणि आट्यांच्या फटीत गेलं की दगड. इतकी वर्षं वापरतोय, तरी मला त्याचं नवल वाटतं. पुढचं चाक धरून ठेवणारा लोअर आर्म आपल्या रस्त्यांवर सारखा हादरत असतो, आणि ते थेंबभर औषध त्याच्या बोल्टला जागचं हलू देत नाही. फक्त आटे कोरडे हवेत, तेलाचा अंशही नको, आणि लावल्यावर गाडी एक दिवस उभी ठेवायची.

आमच्याकडं मात्र सगळं डिझेलमध्ये धुवायची सवय. फडक्यानं पुसलं तरी तेलकटपणा मागं राहतोच. हे मला माहीत नव्हतं काय? चांगलं माहीत होतं.

दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. शाळेतनं रिटायर झाल्यावर गाडी शिकलेला माणूस — स्टिअरिंगवर बसले की गुणगुणायला लागायचे. मनात आलं की आक्काला घेऊन निघायचे, आज राधानगरी, उद्या आणखी कुठं. जोतिबाचे खेटे, म्हणजे दर रविवारच्या डोंगरावरच्या वाऱ्या, सुरू झाले आणि त्यांची गाडी लोअर आर्म बदलायला माझ्याकडं आली. त्यांना दुसऱ्या दिवशी डोंगरावर जायचं होतं. मी बोल्ट डिझेलमध्ये बुडवले, पुसले, औषध लावलं, आवळले, आणि लगेच किल्ली हातात दिली. वर ऐटीत म्हणालो, "दाजी, माझ्या हातचं काम हाय. बिनघोर जावा."

गेले की. दर रविवारी गेले. शेवटच्या खेट्याहून उतरताना पुढं खडखड वाजायला लागलं, तसे हळूहळू थेट माझ्या दारात आले. दाजी, आक्का, भाची — सगळ्यांची तोंडं गुलालानं माखलेली. मी गाडी जॅकवर घेतली, खाली वाकलो.

एक बोल्ट गायबच. दुसरा शेवटच्या आट्याला लोंबत होता. मी नुसतं बोट लावलं — आणि तो तळहातावर आला. आट्यांत गुलाल भरलेला, आणि औषध अजून चिकट, ओलं.

कसं सांगू तुम्हाला? एवढ्याशा आट्यावर आख्खा घाट उतरला होता? ती वळणं, ती दरी, मागं आक्का, तिच्या शेजारी माझी भाची — आणि हा बोल्ट पडला नाही! जोतिबानं धरला की लोखंडानं धरला, मला आजही कळत नाही. मी धरला नव्हता, एवढं नक्की. बाहेर आक्का भाचीला पेढे काढायला सांगत होती. मला रडू येत होतं, आणि बोल्टासकट हात देवासमोर जोडावेत तसे आपोआप जोडले गेले होते.

तेवढ्यात दाजी वाकून म्हणाले, "माझंच चुकलं न्हवं का रं? त्या खड्ड्यात जोरात घातली मी गाडी."

बोल्ट माझ्या मुठीत होता. काय अवघड होतं मूठ उघडायला?

"व्हय दाजी," मी म्हणालो, "खड्ड्यानंच झालंय."

त्यांचा चेहरा पडला. वळून आक्काकडं बघितलं त्यांनी, भाचीकडं बघितलं. त्यानंतर ते स्टिअरिंगवर बसले नाहीत. गाडी विकली. आता दोघं एसटीनं जातात, गुडघे धरत पायऱ्या चढतात.

परवा भाचीनं नवी गाडी घेतली. पहिली तुम्हीच चालवा, म्हणून बापाला हाताला धरून स्टिअरिंगवर बसवलं. दाजींनी स्टिअरिंगवर हात ठेवला, क्षणभर फिरवला — आणि उतरले.

"नगं बाई. माझ्या हातनं तुमचा जीव जाणार हुता एकदा. मामाला इचार, त्यानं बघितलंय."

भाचीनं माझ्याकडं बघितलं. मी ‘व्हय’ म्हणून मान हलवली.