नर्सबाईंचा सोनटक्का

आमच्या शेजारच्या नर्सबाईंना पाणी वाया गेलेलं बघवत नसे. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, उशाशी ठेवलेल्या तांब्यात उरलेलं, सगळं परसातल्या सोनटक्क्याला जायचं. पाहुण्याने पेल्यात अर्धं पाणी ठेवलं, तर त्याच्यादेखत पेला उचलून त्या मागच्या दाराने बाहेर पडत.

जुन्या पनवेलमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, दवाखान्यातली नोकरी करून निवृत्त झालेल्या. नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, शेवटी मुलगीही गेली. ती दरवर्षी बोलवायची आणि बाई दरवर्षी सांगायच्या, यंदाचा सोनटक्का फुलून जाऊ दे, मग बघू. भाद्रपदात पांढरी फुलं आली की शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या दिव्यांशेजारी ती पेल्यात ठेवत, आणि एक भिंतीवरून माझ्या केसांसाठी येई.

न्हाणीचं पाणी त्यांनी चर काढून वाफ्यात सोडलं होतं. तरी रोज सकाळी वॉर्डात फेरी मारावी तशा जाऊन मातीत बोट खुपसायच्या. "वरची माती खोटं बोलते," म्हणायच्या. फुलून गेलेला दांडा मात्र बिनदिक्कत बुडापासून कापत. त्याचं काम झालं, नव्याला जागा हवी.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात न्हाणीतच पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगी धावत आली, ऑपरेशन झालं. नेमकं त्याच सुमारास घरमालकाने न्हाणीचं पाणी नव्या गटाराला जोडलं. मी बादलीने पाणी घालत होते, पण आमच्याकडेच नळ एक दिवसाआड. पानं करपली, दांडे आडवे झाले. बाई घरी आल्या त्या उठायलाच तयार नव्हत्या. वॉकर कोपऱ्यात उभा. झाड मेल्याचं आईला कळू देऊ नका, असं मुलगी मला हळूच म्हणाली.

पण ते खिडकीतून दिसलंच. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि एक कंद उकरून आणायला लावला. त्यावर नख रोवलं. आतून पांढरा, ओला, आल्यासारख्या वासाचा.

"जिवंत आहे गं," म्हणाल्या. "याला इथे ठेवू नकोस. पाणी असेल तिथे ने."

आमच्या घरामागे पालिकेची टाकी भरून वाहते, तिथली जमीन कायम ओली. तिथे शेणखत घालून कंद लावले, वर पाचोळा पसरला. ती जागा त्यांच्या खिडकीतून दिसत नव्हती. आठवडाभराने त्यांनी, कोंब आलेत का बघायला म्हणून, आपणहून वॉकर मागितला. रोज यायच्या, धापा टाकत. गणपतीत पहिली फुलं आली तोवर वॉकर जाऊन काठी आली होती. त्या दिवशी मुलगी आमच्या ओट्यावर बसून मनसोक्त रडली आणि मग दोन कप चहा प्यायली.

दिवाळीनंतर बाईच म्हणाल्या, "आता जाते. माझी आणि त्याची, दोन्ही काळज्या मिटल्या." टॅक्सीपर्यंत त्या चालत गेल्या.

मला धास्ती होती की तिथे त्या झुरतील. पहिल्या फोनवर भीतभीतच विचारलं, करमतं का?

"न करमायला काय झालं? खालच्या मजल्यावरच्या म्हातारीला जुई लावून दिलीय. तिला काही येत नाही. रोज मला हाका मारते."